जुन्या रिळासाठी रॉडची मूठ बदलताना

मासेमारीचे जुने सेंटरपिन रीळ, म्हणजे मधल्या आसावर चकती थेट फिरणारे रीळ, हाती येते, ते आजच्या रॉडवर बसवून पाहिले जाते, बसत नाही, आणि मग नवशिका माणूस बहुधा कानस घेऊन रिळाचा पाय घासू लागतो. हा लेख त्या माणसाच्या हातातली कानस थांबावी म्हणून लिहिला आहे. रिळाचा पाय, म्हणजे रॉडवर टेकणारी ती लांबट, किंचित वाकवलेली पट्टी, एकदा घासली की घासली; मूठ मात्र बदलता येते, बिघडली तर पुन्हा करता येते आणि पुढे दुसरे रीळ लावायचे झाले तर त्यालाही जुळवून घेता येते. म्हणून पुढच्या सगळ्या कामात एकच नियम आहे: जो काही बदल करायचा तो मुठीत करायचा, रिळाला हत्यार लावायचे नाही.

माझ्याकडचे रीळ आजोबांचे आहे. ते मुंबईच्या गोदीत कारकून होते आणि तिथे एका बोटीवरच्या माणसाकडून त्यांनी ते घेतले, एवढेच घरात ठाऊक आहे. चकती लाकडाची, पाठीमागे चांदणीच्या आकाराची पितळी पट्टी आणि त्या पट्टीला जोडलेला पितळी पाय, अशी ही इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची जुनी घडण आहे. गोव्यातल्या चोडणच्या आमच्या घरी ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मेणकापडात गुंडाळून ठेवलेले होते. डबा उघडला तेव्हा पायाच्या कडेला हिरवट कळंक चढला होता आणि रिव्हेटच्या डोक्यांभोवती तो मिठासारखा दाणेदार झाला होता. पण चकती बोटाने फिरवली तशी ती सहज फिरली आणि आतला खटका टक् टक् वाजू लागला. असे रीळ डब्यात पडून राहू नये असे मला मनापासून वाटले, आणि पुढे लिहिले आहे ते सगळे त्यापायी शिकलो.

रीळ बसत का नाही

आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक रॉडवर स्क्रूची रीळसीट असते. तिच्या एका टोकाला पक्की टोपी असते आणि दुसरी टोपी पेचाच्या नटाने पुढेमागे सरकते. या दोन टोप्यांच्या पोकळीत रिळाच्या पायाची दोन टोके अडकतात. या टोप्या आजच्या स्पिनिंग रिळाच्या पायाला जुळतील अशा बेताने केलेल्या असतात आणि तो पाय टोकांकडे पातळ होत गेलेला असतो. स्थिर चकतीच्या, म्हणजे आजच्या स्पिनिंग रिळाच्या घराण्याची सुरुवात साधारणपणे इलिंगवर्थ यांच्या १९०५ सालच्या इंग्लंडमधील पेटंटपासून धरतात. सेंटरपिन त्याहून जुने. ते ज्या रॉडवर लावत, त्यांना पेचाची सीट बहुधा नसेच. लांब बुचाच्या मुठीवर दोन सैल धातूच्या रिंगा असत, पाय बुचावर टेकवायचा आणि दोन्ही बाजूंनी रिंगा त्याच्यावर सरकवायच्या, एवढीच रचना होती.

त्यामुळे अडचण तीन ठिकाणी येते. पायाची टोके जाड आणि बोथट असतात, म्हणून ती टोपीत शिरत नाहीत. पाय लांब असला तर सरकती टोपी पूर्ण मागे नेली तरी जागा अपुरी पडते. तिसरी अडचण सहसा लक्षात येत नाही: पायाची खालची बाजू जाड बुचाच्या गोलाईला जुळेल अशी वाकवलेली असते, त्यामुळे सडपातळ सीटवर ती फक्त मध्यावर टेकते, दोन्ही कडांशी फट राहते आणि रीळ कितीही आवळले तरी डुगडुगत राहते. आपल्या रिळाची अडचण यांपैकी कोणती आहे हे आधी ठरवावे, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे.

आधी रीळ तपासावे

मुठीवर वेळ घालवण्यापूर्वी रीळ वापरण्याजोगे आहे याची खात्री करून घ्यावी. पाय हातात धरून रीळ हलवून पाहावे; पाय आणि पाठीची पट्टी यांच्यामध्ये थोडीही हालचाल जाणवली तर रिव्हेट सैल आहेत आणि ते काम जाणत्या पितळकाम करणाऱ्याकडून आधी करून घ्यायला हवे. लाकडी चकती असेल तर ती काढून उजेडासमोर धरावी आणि शिरेच्या दिशेने तडा गेला आहे का ते बघावे. लाकूड फुगून चकती पाठीला घासत असेल तर ती उन्हात टाकू नये. सावलीत, वारा लागेल अशा जागी काही आठवडे ठेवली की बरेचदा ती आपोआप मोकळी होते. आसावरचे जुने, घट्ट झालेले वंगण रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसावे आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. पितळ चकाकवण्याच्या भरीस पडू नये. कळंक मऊ ब्रशने झाडला तरी पुरतो.

आता मोजमापे घ्यावीत. पाय जाड कागदावर ठेवून टोकदार पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढावी, मग पाय आडवा धरून बाजूची रेषाही काढावी. व्हर्नियर कॅलिपरने चार मापे नोंदवावीत: पूर्ण लांबी, सर्वांत जास्त रुंदी, दोन्ही टोकांची जाडी आणि मध्यावरची जाडी. माझ्या रिळाच्या पायाची लांबी ७० मिलिमीटर, रुंदी १५, टोकाची जाडी साडेतीन आणि मध्याची ६ भरली. पाचवे माप चकतीच्या कडेपासून पायाच्या तळापर्यंतच्या अंतराचे. जुन्या रिळांत हे अंतर कमी असते, आणि मूठ जाड केली की फिरणारी चकती मुठीला किंवा बोटांच्या पेरांना घासू लागते. पाय बसवल्यानंतर चकती आणि मूठ यांच्यात निदान ५ ते ६ मिलिमीटर मोकळे राहायला हवेत.

रॉड कोणता घ्यावा

नवशिक्याने फायबरग्लासचा, आठ ते नऊ फुटी, शक्यतो मूठ खराब झालेला जुना रॉड घ्यावा. अशा रॉडची किंमत कमी, काठी जाड आणि चुका पोटात घालणारी असते. सेंटरपिन रॉडच्या खाली लटकते आणि स्पिनिंग रॉडचे गाईडही (दोरा ज्यांतून ओवतात ती वळी) खालच्याच बाजूला असतात, त्यामुळे गाईड बदलावे लागत नाहीत. पहिला गाईड गरजेपेक्षा मोठा असतो, पण त्याने काही बिघडत नाही. मल्टिप्लायर, म्हणजे रॉडच्या वर बसणाऱ्या रिळासाठी केलेला रॉड मात्र टाळावा, कारण त्याचे गाईड वरच्या बाजूला येतील अशा बेताने बांधलेले असतात.

कार्बनचा रॉड हलका आणि सुरेख असतो, पण त्याची नळी पातळ असते आणि एकाच बिंदूवरचा दाब तिला सोसत नाही. माझा एक चांगला रॉड असाच गेला. रीळ सीटमध्ये बसेना म्हणून मी सीटच्या पुढे, उघड्या काठीवरच पाय टेकवला आणि पाण्याच्या पायपाला लावतात ती स्टीलची होज क्लिप स्क्रूड्रायव्हरने आवळली. घरी सगळे घट्ट वाटले. बेतीच्या धक्क्यावर गळ खडकाला अडकला, मी रॉड उचलला, आणि क्लिपच्या कडेखाली वाळकी फांदी मोडावी तसा बारीक आवाज येऊन काठी दुमडली. तेव्हापासून उघड्या काठीवर धातूचा पट्टा मी कधीच आवळत नाही. धातू आणि काठी यांच्यामध्ये बूच, लाकूड किंवा सीट असलीच पाहिजे. कार्बन वीजवाहक असतो, हेही लक्षात ठेवावे: विजेच्या तारांखाली आणि पावसाळी गडगडाटात तो रॉड उभा धरू नये.

जागा ठरवणे: सायकलच्या ट्यूबची चाचणी

काहीही कापण्याआधी, चिकटवण्याआधी रीळ तात्पुरते बांधून जागा ठरवायची असते, आणि माझ्या मते सगळ्या कामात याच टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. इन्सुलेशन टेप वापरतात, पण गोव्याच्या उकाड्यात तिचा चिकटा सुटून बुचात मुरतो आणि नंतर निघता निघत नाही. त्याऐवजी सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून दोन सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या कापाव्यात. पाय मुठीवर टेकवावा, पट्टीचे टोक पायाच्या पुढे अंगठ्याने दाबून धरावे आणि पट्टी चांगली ताणत, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर येईल अशा रीतीने, पायाच्या टोकावरून मध्याकडे वेढत जावे. शेवटचे टोक आधीच्या वेढ्याखाली ओढून घ्यावे. दुसऱ्या टोकालाही तसेच करावे. हे बांधकाम इतके पक्के बसते की लहान माशांसाठी एखादी संध्याकाळ त्यावर भागवता येते, आणि ज्याला पुढचे काहीच करायचे नसेल त्याने इथेच थांबले तरी चालेल. फक्त उन्हाने रबर चिरते, म्हणून पट्ट्या वरचेवर बदलाव्यात.

रिळात तंगूस, म्हणजे नायलॉनचा गळाचा दोरा, भरून, ती गाईडमधून ओवून, टोकाला नेहमीचे शिसे बांधून मग रॉड हातात घ्यावा. पकड घेतलेल्या हाताचे बोट किंवा अंगठा, मनगट न वळवता, चकतीच्या कडेला टेकला पाहिजे. हे फार महत्त्वाचे आहे, कारण या रिळाला आजच्यासारखा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की तंगूस आवरून सोडणारा आतला ब्रेक, नसतो. मासा पळू लागला की चकतीच्या कडेवर टेकलेले बोट हाच ब्रेक. त्यानंतर रॉड एका बोटावर तोलून पाहावा. तोल पकडीच्या जरा पुढे आला तर रॉड हातात हलका वाटतो, फार पुढे गेला तर तासाभरात मनगट दुखू लागते. रीळ दोन-दोन सेंटिमीटर मागेपुढे सरकवून हे दोन्ही जुळवावे. माझ्या रॉडवर पायाचा मध्य मुठीच्या खालच्या टोकापासून ३८ सेंटिमीटरवर आला. तुमचा रॉड आणि तुमचा हात वेगळा, म्हणून हा आकडा उचलू नये, पद्धत उचलावी. रीळ फिरवायची कडी कोणत्या हाताला यावी हेही इथेच ठरवून घ्यावे. जागा पक्की झाली की पायाच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि किमान दोनदा पाण्यावर जाऊन यावे. मी पहिल्यांदा एकाच संध्याकाळी निर्णय केला होता आणि नंतर तो बदलावा लागला.

जुनी मूठ काढणे

रॉडची मूठ मुळातच लांब, सलग बुचाची असेल तर हा आणि पुढचा भाग सोडून थेट रिंगांकडे जावे. रीळसीट असलेल्या रॉडवर मात्र सीट आणि तिच्या मागची मूठ काढावी लागते. पुढची मूठ शाबूत असेल तर ती तशीच ठेवावी, काम निम्मे होते.

मागच्या टोकाची रबरी टोपी गरम पाण्यात बुडवून पिळून काढावी. जुने बूच किंवा फोम धारदार सुरीने लांबीच्या दिशेने चिरावा, पण सुरी काठीपर्यंत नेऊ नये. शेवटचा दोन मिलिमीटरचा थर पॉलिशपेपरनेच काढावा. सीट बहुधा प्लास्टिकची असते. हॅक्सॉच्या ब्लेडने तिच्यावर दोन समोरासमोरच्या उभ्या खाचा पाडाव्यात, काठी जवळ येताच थांबावे, आणि खाचेत सपाट स्क्रूड्रायव्हर घालून पिळावे. सीट दोन फाकांत निघते. ज्योतीने तापवून गोंद मऊ करण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये, कारण ज्या उष्णतेने सीटचा गोंद सुटतो त्याच उष्णतेने काठीतले रेझिनही दुबळे होते. काठी मोकळी झाली की १२० नंबरच्या पेपरने तिची चमक घालवावी, स्पिरिटने पुसावी आणि नंतर तिला हात लावू नये.

बुचाची मूठ बांधणे

सरकत्या रिंगांखाली बूच हवे, फोम नव्हे. फोमची मूठ हाताला मऊ लागते खरी, पण रिंग सरकवली की पाय त्यात रुतत जातो आणि घट्टपणा कधी येतच नाही. बूच दबते आणि तितकेच परत उसळते, आणि रिंगेला पकड देणारी हीच गोष्ट आहे. हे बूच म्हणजे एका ओक वृक्षाची साल. झाड न तोडता साधारण नऊ वर्षांनी एकदा ती सोलतात, आणि जगात सर्वांत जास्त बूच पिकते ते पोर्तुगालमध्ये. रॉडच्या मुठीसाठी अर्धा इंच जाडीच्या, मध्ये भोक असलेल्या चकत्या येतात. ५५ सेंटिमीटरच्या मुठीला अशा ४४ चकत्या लागतात. फुटक्या निघतील म्हणून पाच-सहा जास्त मागवाव्यात. पायाखाली येणाऱ्या भागासाठी कमी छिद्रांच्या, भरीव चकत्या निवडून बाजूला ठेवाव्यात.

काठी निमुळती असल्याने प्रत्येक चकतीचे भोक वेगळे लागते. गोल कानशीने भोक थोडे थोडे वाढवत, चकती आपल्या जागी हलक्या दाबाने जाऊन बसेल इतकेच करावे. सैल चकती कधीही वापरू नये. बसलेल्या प्रत्येक चकतीवर पेन्सिलीने क्रमांक घालावा आणि सगळ्या चकत्या कोरड्याच ओवून पाहाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे. मी ते दोन रात्रींत केले आणि तिसरी घेतली असती तर बरे झाले असते, कारण शेवटच्या दहा चकत्यांत घाईची निशाणी अजून दिसते.

चिकटवण्यासाठी दोन ट्यूबचा, सावकाश धरणारा इपॉक्सी वापरावा. पाच मिनिटांत धरणारा प्रकार इथे उपयोगाचा नाही, कारण दहावी चकती ओवेपर्यंत पहिलीचा गोंद घट्ट झालेला असतो. लाकडाचा साधा पांढरा गोंदही नको. खाऱ्या पाण्यात तो टिकत नाही. पाकिटावर दिलेल्या प्रमाणात दोन्ही भाग घेऊन रंग सगळीकडे सारखा होईपर्यंत ढवळावेत, काठीवर आणि चकत्यांच्या समोरासमोरच्या बाजूंवर पातळ थर लावावा, चकती फिरवत फिरवत सरकवावी आणि शेवटी दोन लाकडी पट्ट्यांमध्ये दोरी घालून, काडीने पिळून, सगळी माळ लांबीच्या दिशेने दाबून ठेवावी. बाहेर आलेला गोंद लगेच पुसावा. किमान २४ तास हात लावू नये. पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळावे. जुलैच्या दमट हवेत इपॉक्सीच्या पृष्ठभागावर तेलकट साय धरते आणि तिच्यावर लावलेला दुसरा थर निसटतो. करणे भागच असेल तर बंद खोलीत, दिव्याच्या उबेजवळ करावे आणि ती साय साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच पुढे जावे.

गोंद पक्का झाल्यावर आकार द्यायचा. कोणाला तरी रॉड हळूहळू फिरवत ठेवायला सांगावे आणि पॉलिशपेपरची लांब पट्टी दोन्ही हातांत धरून, बूट चमकवतात तशी मुठीवरून पुढेमागे ओढावी. सुरुवात ८० नंबरने, मग १२०, २२० आणि शेवटी ४००. दर चार-पाच मिनिटांनी कॅलिपर लावून पाहावे. माझी मूठ २४ मिलिमीटरवर थांबवली, कारण रिळाच्या पायाची गोलाई तेवढ्या जाडीला बरोबर टेकत होती; हे पाहण्यासाठी पायाला खडू लावून तो बुचावर दाबावा, खडूचा ठसा सलग उमटला तर जाडी जुळली, कडांच्या दोनच रेघा उमटल्या तर मूठ अजून जाड आहे, मध्ये एकच रेघ उमटली तर ती बारीक झाली आहे.

रिंगा

रिंग पितळेची करावी. रिळाचा पाय पितळी असताना ॲल्युमिनियमची रिंग लावली तर खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातूंच्या संगतीने ॲल्युमिनियम खाल्ले जाते, पांढरी पूड धरते आणि रिंग पायाला जाम होते. ॲल्युमिनियमचीच रिंग मिळाली तर तिच्या आत पातळ चामड्याचा किंवा ट्यूबच्या रबराचा अस्तर-पट्टा चिकटवावा आणि त्याची जाडी हिशेबात धरावी.

माप सोपे आहे. मुठीची जाडी अधिक पायाच्या टोकाची जाडी, म्हणजे माझ्याकडे २४ अधिक साडेतीन, साडेसत्तावीस मिलिमीटर हा रिंगेचा आतला व्यास. पण बूच दबते आणि पाय मध्याकडे जाड होत जातो, म्हणून मी लेथवाल्याला एकाच पितळी नळीतून २७, साडेसत्तावीस आणि २८ अशा तीन मापांच्या प्रत्येकी दोन रिंगा कापून मागितल्या. बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डांच्या आसपास लेथवाले असतात आणि त्यांना अशी बारीक कामे सवयीची असतात. रुंदी १५ मिलिमीटर, भिंत दीड मिलिमीटर, आणि दोन्ही कडा आतून गोल केलेल्या हव्यात, हे स्पष्ट सांगावे; धारदार कड बूच पहिल्याच दिवशी कापते. बरोबर माप ते, जे पायाच्या टोकावर हाताने सहज चढते आणि एकतृतीयांश लांबी गेल्यावर अडते.

दोन्ही रिंगा रबरी टोपी बसवण्यापूर्वी मुठीवर ओवाव्यात. टोपी चिकटली आणि रिंग टेबलावरच राहिली, तर सारे पुन्हा सोडवावे लागते.

रीळ बसवताना एक रिंग पुढे, एक मागे ठेवून पाय खुणेवर टेकवावा. डोळा मुठीच्या टोकाशी आणून रॉडच्या लांबीवरून पाहावे. रिळाची कड, पहिला गाईड आणि टोकाचा गाईड एका रेषेत आले पाहिजेत. मग दोन्ही रिंगा एकाच वेळी, किंचित पिळत, एकमेकींकडे सरकवाव्यात. एकच रिंग आधी पूर्ण चढवली तर पाय दुसरीकडे उचलला जातो. बुचावर खोल वळ उठेपर्यंत आवळण्याची गरज नाही. तसे करावे लागत असेल तर रिंग मोठी झाली आहे, लहान मापाची घ्यावी.

ज्यांना सीटच हवी

बूच मिळाले नाही किंवा एवढ्या कामाला वेळ नसेल, तर मोठ्या टोप्यांची नवी स्क्रू-सीट हा दुसरा मार्ग. फुजीसारख्या सीटवर १६, १८, २०, २२ असे आकडे असतात आणि तो आकडा साधारणपणे आतल्या भोकाचा मिलिमीटरमधला व्यास सांगतो. जुन्या पायाला बहुधा २० किंवा त्याहून मोठी सीट लागते, पण खात्री एकाच रीतीने होते: रीळ सोबत नेऊन सीटमध्ये घालून पाहावे, किंवा निदान पायाच्या बाजूच्या रेषेप्रमाणे लाकडाचा नमुना कापून न्यावा. काठी आणि सीट यांच्यातली पोकळी मास्किंग टेपने भरण्याचा प्रघात आहे, मात्र कागदी टेप पाणी पिते. मी तिथे सुती दोरा इपॉक्सीत भिजवून तीन पट्ट्यांत वेढतो आणि पट्ट्यांमधल्या जागा गोंदाने भरतो. गोंद ओला असतानाच रीळ लावून गाईडांची रेषा जुळवावी, कारण ही संधी पुन्हा मिळत नाही.

पाण्यावर जाण्यापूर्वी

तंगूसाचे टोक झाडाच्या बुंध्याला बांधून, मध्ये सामान तोलायचा लहान काटा अडकवून रॉड वाकवावा. काटा दोन किलो दाखवेपर्यंत ओढून अर्धा मिनिट थांबावे आणि रिळाकडे पाहावे. पाय बुचावरून सरकला किंवा डुगडुगला तर रिंगेचे माप बदलावे.

चकतीवर आधी सुती दोऱ्याचा मऊ थर गुंडाळावा आणि वर ०.३५ मिलिमीटरची तंगूस भरावी. नायलॉन ताणाखाली लांबते आणि चकतीवर गुंडाळल्यावर आकसते. शेकडो वेढ्यांचा एकत्रित आवळा जुनी लाकडी चकती फोडू शकतो. त्यासाठी हा थर, आणि त्यासाठीच मोठा मासा ओढल्यावर घरी येऊन तंगूस उलगडून सैल गुंडाळावी.

चार इंच व्यासाच्या भरलेल्या चकतीवर एका फेऱ्यात साधारण ३२ सेंटिमीटर तंगूस येते. कडीचा एक फेरा म्हणजे चकतीचा एक फेरा, त्यामुळे स्पिनिंग रिळाची सवय असलेल्याला सुरुवातीला सारे फार संथ वाटते. लांब फेकण्याचा हट्ट धरू नये. मानशीच्या, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या दाराच्या, भिंतीवरून किंवा धक्क्यावरून तरंगत्या बोंड्याखाली गळ सोडून बसण्यासाठी हे रीळ उत्तम आहे. काळुंदर आणि शेवटे या माशांवर हात बसू द्यावा, मग तामसो, आणि चणकाच्या वाटेला त्यानंतरच जावे. मासा पळतो तेव्हा कडी उलटी गरगरते आणि पेरांवर बसते, म्हणून कडी सोडून तळहात चकतीच्या कडेखाली न्यायचा सराव अंगणातच करून घ्यावा. मानशीवरच्या मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी पावणीत, म्हणजे लिलावात, दिलेला असतो. तिथे बसण्यापूर्वी ज्याच्याकडे हक्क आहे त्याला विचारावे.

घरी आल्यावर रिंगा मागे सारून रीळ दर वेळी काढावे. पायाखाली अडकलेले खारे पाणी दिसत नाही, आणि कळंक सुरू होतो तो तिथूनच. पाय, रिंगा आणि त्यांच्याखालचे बूच गोड्या पाण्याने धुऊन कापडाने टिपावे, रात्रभर सावलीत उघडे ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी पायाच्या तळाला मेणाचा पातळ हात फिरवून रीळ कोरड्या कापडात ठेवावे. मोकळ्या रिंगा मुठीवर खडखडू नयेत म्हणून त्यांच्या पुढे ट्यूबच्या रबराचा एक लहानसा वेढा घालून ठेवावा.